पत्रा लागला की पॉइंट गेला

भिवंडीजवळ काल्हेरला मुख्य रस्त्यापासून आत वळलं की तरे कुटुंबाच्या नऊ गाळ्यांची एक रांग लागते. केसरीनाथ तरे यांच्या वडिलांची इथे भातखाचरं होती. आता इथे साबण, पंखे, लहान मुलांचे लंगोट आणि मोबाइलची कव्हरं असतात. सात नंबरच्या गाळ्यात मात्र एकवीस वर्षं कुठलाही माल ठेवला गेला नाही. तिथे टेनिसचं कोर्ट होतं.

गाळा शंभर फूट लांब आणि पन्नास फूट रुंद. टेनिसचं कोर्ट अठ्ठ्याहत्तर फूट लांब असतं. म्हणजे शेवटच्या रेषेमागे एका बाजूला भिंतीपर्यंत अकरा फूट उरत आणि दुसऱ्या बाजूला शटरपर्यंत तेवढेच. स्पर्धेच्या कोर्टावर ही जागा निदान एकवीस फूट असते. छपराची उंची कडेला अठरा फूट, मधोमध चोवीस. छप्पर पत्र्याचं. वारा नाही, ऊन नाही, आकाश नाही. भाविका केसरीनाथ तरे या व्यावसायिक टेनिसपटूचा खेळ या मापांत घडला. ती आता अठ्ठावीस वर्षांची आहे.

कोर्ट झालं ते योजना आखून नव्हे. २००४ साली सात नंबरचा भाडेकरू गाळा सोडून गेला. तो खेळाचं सामान आयात करणारा व्यापारी होता. जाताना त्याने भिजलेल्या खोक्यांतले टेनिसचे चेंडू, सहा रॅकेटी आणि गुंडाळलेलं एक जाळं मागे टाकलं. केसरीनाथांनी त्याला दोनदा फोन केला. तो म्हणाला, फेकून द्या. केसरीनाथांना चांगली वस्तू फेकणं जमत नाही. पावसाळा तोंडावर होता, नवा भाडेकरू दिवाळीपर्यंत येणार नव्हता. त्यांनी चुन्याने रेषा मारल्या, दोन खांब रोवले आणि मुलांना सांगितलं, "रस्त्यावर ट्रकखाली जाव नका. हितं खेला."

मुलं दोन. हरेश अकरा वर्षांचा, भाविका सात वर्षांची.

भिवंडीत टेनिस म्हटलं की लोकांना टेनिसच्या चेंडूचं क्रिकेट आठवतं. गावोगावी त्याचे संघ आहेत, करंडक आहेत, रात्रीचे सामने आहेत. हरेशलाही तेच खेळायचं होतं. पण गाळ्यात फक्त बहीण होती आणि तिला गोलंदाजी येत नव्हती. त्यामुळे जाळ्यावरून चेंडू मारायचा खेळ सुरू झाला. नियम दोघांनाही माहीत नव्हते, टीव्हीवर पाहिलेलं थोडंफार होतं. उरलेले नियम हरेशने केले. त्यातला पहिला असा: चेंडू छपराला लागला तर मारणाऱ्याचा पॉइंट गेला.

नियम साधा होता आणि तो पाळायला पंच लागत नव्हता. पत्र्याचा आवाज सगळ्या गाळ्यात घुमायचा. आवाज आला की दोघं थांबायची. ज्याचा पॉइंट झाला तो पुढच्या सर्व्हिसला निघायचा. "पत्रा," एवढंच म्हणायचं.

दिवाळीला नवा भाडेकरू आला तेव्हा त्याला आठ नंबर दिला गेला.

भाविका दहा वर्षांची असताना केसरीनाथांनी तिला ठाण्यात बारा वर्षांखालील मुलींच्या एका स्पर्धेत नेलं. तोपर्यंत ती उघड्यावर एकदाही खेळली नव्हती. पहिल्या फेरीत समोरच्या मुलीने अडचणीत सापडून चेंडू उंच उडवला. टेनिसमध्ये याला लॉब म्हणतात. प्रतिस्पर्धी जाळ्याजवळ आला की चेंडू त्याच्या डोक्यावरून मागे टाकायचा. चेंडू वर गेलेला पाहून भाविका थांबली. पाठ फिरवून सर्व्हिसच्या जागेकडे चालू लागली आणि मोठ्याने म्हणाली, "पत्रा." चेंडू तिच्या मागे रेषेच्या आत पडला.

पंचांनी पॉइंट दुसऱ्या मुलीला दिला. भाविकाने वर पाहिलं. त्या सामन्यात हे तीनदा झालं.

ही गोष्ट पुढे घरातल्या हळदी-लग्नांत विनोद म्हणून सांगितली जाऊ लागली. सांगणारी बहुतेक वेळा धोंडूबाई असते. धोंडूबाई म्हणजे केसरीनाथांची थोरली बहीण, मुलांची आत्या. ती धवलारीण आहे. आगरी लग्नांत धवळे गाऊन विधी पार पाडणाऱ्या बाईला धवलारीण म्हणतात. तिच्या आवाजाला मांडवात माइक लागत नाही. "पोर आभालाला पत्रा समजली," एवढं म्हणून ती थांबते. पाहुणे हसतात. भाविकाही हसते.

त्या स्पर्धेत रीमा सबनीस होत्या. त्या स्वतः राष्ट्रीय पातळीवर खेळलेल्या, तेव्हा नुकत्याच ठाण्यात शिकवू लागलेल्या. हरलेल्या मुलीचे फटके त्यांनी पाहिले होते. भाविका चेंडू टप्पा पडल्या पडल्या मारते, हे त्यांना दिसलं. मागे अकरा फुटांवर भिंत असताना दुसरा पर्याय नव्हता, हे त्यांना नंतर कळलं. गुळगुळीत काँक्रीटवर चेंडू खाली राहून सरकत येतो, त्यामुळे गुडघे वाकलेले असत आणि फटका जाळ्याला घासून जाई. रीमाताईंनी तिला शिकवायला घेतलं. आठवड्यातून दोन दिवस ठाणे, उरलेले दिवस गाळा.

भाविका चौदा वर्षांची झाली तेव्हा रीमाताईंनी केसरीनाथांना स्पष्ट सांगितलं, "हिला छपराबाहेर काढा. डोक्यावरचा चेंडू हिला खेळताच येत नाही. पाय आळशी आहेत तिथे."

केसरीनाथांनी ते मनावर घेतलं. त्यांनी आधी फरशी घासून नवा थर दिला. मग दिवे बदलले. उन्हाळ्यात गाळा तापतो अशी तक्रार असेल असं वाटून त्यांनी पत्र्याखाली उष्णतारोधक थर बसवून घेतला. त्याने उकाडा थोडा कमी झाला आणि छप्पर सहा इंच खाली आलं.

"मी काय सांगितलं आणि तुम्ही काय केलंत?" रीमाताईंनी विचारलं.

"चांगला झाला ना आता?" केसरीनाथ म्हणाले. "पोरीला उनातानात कनाला नेवाची? सगला हितंच हाय."

रीमाताई गाळा पाहायला आल्या होत्या त्या दिवशी केसरीनाथांनी त्यांना चहा आणि भाकरी-सुकट दिली, रांगेतले नऊ गाळे दाखवले आणि सातव्यात बसायला गादीची खुर्ची ठेवली. माणूस ज्या गोष्टीवर इतका खूश आहे ती मोडा असं पुन्हा सांगणं जड जातं. रीमाताईंनी पुढच्या वर्षी एकदा सांगितलं, मग सांगणं सोडलं. त्या ठाण्यातल्या दोन दिवसांत लॉब आणि स्मॅश, म्हणजे डोक्यावर आलेला चेंडू खाली आपटायचा फटका, यांचाच सराव घेऊ लागल्या. दोन दिवसांत जे जमायचं ते उरलेल्या पाच दिवसांत पुसलं जायचं.

भाविका व्यावसायिक झाली ती वीस वर्षांची असताना. या शब्दाचा अर्थ लोक चुकीचा घेतात. टीव्हीवर दिसतात त्या स्पर्धा जगातल्या पहिल्या शंभर-सव्वाशे खेळाडूंच्या. त्यांच्या खाली हजारभर मुली असतात. त्या छोट्या गावांतल्या, रिकाम्या कोर्टांवरच्या स्पर्धा खेळत फिरतात. क्वालिफायिंगच्या फेऱ्या जिंकायच्या, मुख्य फेरीत यायचं, तिथे एक सामना जिंकला तर एक गुण. गुण बावन्न आठवडे टिकतो, मग उतरतो. जागतिक यादीत राहायचं असेल तर या बावन्न आठवड्यांत निदान तीन स्पर्धांत गुण मिळालेले असावे लागतात, नाहीतर सगळे मिळून दहा गुण.

भाविकाचं नाव यादीत पहिल्यांदा आलं २०१८ मध्ये. २०२२ च्या ऑगस्टमध्ये ती सातशे बाराव्या क्रमांकावर होती. हा तिचा सर्वोत्तम क्रमांक. त्या वर्षी ती ट्युनिशियात मोनास्तिरला सलग सात आठवडे राहिली. तिथे वर्षभर स्पर्धा चालतात. खोली दोघींत. आईने सुकटीची चटणी बांधून दिली होती. डबा उघडला की सोबतची केरळची मुलगी खिडकी उघडायची. तिसऱ्या आठवड्यात तिने खिडकी उघडणं सोडलं आणि डबा मागितला.

पत्र्याखालच्या वर्षांनी तिला दिलेली एक गोष्ट तिथे उपयोगी पडली. चाळीस अंशांत तिसरा सेट चालू असताना दुसऱ्या मुली बर्फाचे टॉवेल मागत. भाविकाला ते हवामान मे महिन्यातल्या सात नंबरपेक्षा बरं वाटायचं. त्या वर्षी तीन सेटपर्यंत गेलेल्या चौदा सामन्यांपैकी तिने अकरा जिंकले.

पण या पातळीवर सगळ्या एकमेकींना ओळखतात. एकाच हॉटेलात राहतात, एकाच बसने कोर्टवर जातात, एकमेकींबरोबर सराव करतात. २०२३ उजाडेपर्यंत सगळ्यांना कळलं होतं की तरेशी खेळताना मागे मारामारी करायची नाही. तिला पुढे बोलवायचं आणि चेंडू वर टाकायचा. भाविकाला हे तिच्याच एका मैत्रिणीने बसमध्ये सांगितलं. "सगळ्याच हेच करतात, तुला म्हणून सांगते." दुसऱ्या दिवशी त्याच मैत्रिणीने तिला लॉब टाकून हरवलं.

क्रमांक आठशेवर गेला, मग हजारावर.

इकडे हरेशने गाळ्यांचं काम हातात घेतलं होतं. २०२४ च्या फेब्रुवारीत एका मोठ्या कंपनीचा निरोप आला. त्यांना सहा, सात आणि आठ हे तीन गाळे एकत्र हवे होते, मधल्या भिंती पाडून. दोन घेतले तर त्यांचं काम भागत नव्हतं, कारण सात नेमका मधे होता. हरेशने हे घरात जेवताना सांगितलं. भाविका समोरच होती. तो काही आडून बोलला नाही.

"तिने खेळणं बंद करावं असं मी म्हणत नाय," तो म्हणाला. "पण किती वर्षं? काहीतरी ठरवा. मी लोकांना काय सांगू?"

तरे कुटुंबात मोठी गोष्ट ठरवायची तर धोंडूबाईला बोलावतात. धवलारणीसमोर लग्न लागतं, तसा तिच्यासमोर दिलेला शब्द या घरात पक्का धरतात. केसरीनाथांच्या वडिलांनी जमिनीची वाटणी याच रीतीने केली होती. त्या वेळच्या धवलारणीसमोर, एका बैठकीत, कागद नंतर झाले. धोंडूबाई दुसऱ्या दिवशी सकाळी आली, पाट घेऊन बसली.

केसरीनाथ म्हणाले, "जवर पोरीचा नाव त्या यादीत हाय, तवर सात नंबर तिचा. कोनी हात लावाचा न्हाय."

"आणि नाव गेलं की?" हरेशने विचारलं.

"गेला की तुझा. मंग मी पन बोलनार न्हाय."

धोंडूबाईने भाविकाकडे पाहिलं. "तुला पटतंय का? नंतर रडाचा न्हाय."

"पटतंय," भाविका म्हणाली.

कंपनीने थांबायची तयारी दाखवली नाही, ती जवळच्या कोन गावात गेली. हरेशने त्यावर एक शब्द काढला नाही. पुढच्या वर्षी दुसरी कंपनी आली. तिलाही तीनच गाळे हवे होते, पण ही थांबायला तयार होती.

पावणेदोन वर्षं भाविकाने नाव टिकवलं. २०२५ च्या नोव्हेंबरअखेर तिच्या नावावर बरोबर तीन स्पर्धांचे गुण होते. त्यातली एक मागच्या डिसेंबरातली मोनास्तिरची. तो गुण डिसेंबरच्या दुसऱ्या सोमवारी उतरणार होता. त्याआधी तिला खेळता येईल अशी एकच स्पर्धा होती, सोलापूरला. तिथे मुख्य फेरीतला एक सामना जिंकला तर तीनचे तीन राहणार होते. नाहीतर नाव जाणार होतं.

सोलापूरला तिला हरेश घेऊन गेला. रीमाताईंना दुसऱ्या विद्यार्थिनींसोबत बंगळुरूला जायचं होतं आणि केसरीनाथांचं गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. हरेशने बहिणीचा सामना गेली नऊ वर्षं पाहिला नव्हता. गाडीत बसताना भाविका म्हणाली, "तू येतोस म्हणजे मी हरायची वाट बघायला येतोस."

"वाट बघायची तर घरी बसूनपण बघता येते," हरेश म्हणाला. "डिझेल तरी वाचलं असतं."

क्वालिफायिंगच्या दोन फेऱ्या तिने सरळ सेटमध्ये जिंकल्या. त्यांना गुण नसतात. मंगळवारी मुख्य फेरीचा पहिला सामना हैदराबादच्या सतरा वर्षांच्या मुलीशी होता. कोर्ट क्रमांक चार, सकाळी साडेदहा. बघायला अकरा माणसं होती. त्यातली तीन त्या मुलीच्या घरची.

पहिला सेट भाविकाने ६-३ असा घेतला. दुसऱ्या सेटमध्ये मुलीने तिला पुढे बोलावून वर टाकायला सुरुवात केली. तिलाही कोणीतरी सांगितलं असणार. सेट ४-६ गेला. तिसऱ्यात भाविका मागे राहून खेळली, जाळ्याकडे गेलीच नाही आणि ५-४, ४०-३० अशी आली. एक पॉइंट उरला होता.

त्या पॉइंटला सतरा फटके झाले. अठराव्याला मुलीचा चेंडू आखूड पडला. तो घ्यायला भाविकाला पुढे जावंच लागलं. तिने तो उजव्या कोपऱ्यात मारला. मुलगी धावत पोचली, तोल गेलेला, मनगटाने चेंडू नुसता वर ढकलला. उंच होता, पण लांब नव्हता. जाळ्यापासून चार पावलं मागे येऊन मारायचा स्मॅश. या पातळीवरची कुठलीही मुलगी दहापैकी आठ वेळा तो मारते.

भाविकाने मागे पाऊल उचललं, ते टेकवलं आणि थांबली. मग उरलेली पावलं मागे टाकली. पोचली तेव्हा चेंडू खांद्याच्या खाली आला होता. तो जाळ्यात गेला.

पुढचे दोन पॉइंट गेले, मग पुढचे दोन गेमही. सेट ५-७ असा गेला.

परतीच्या वाटेवर दोघं भिगवणला जेवायला थांबली. इथले मासे प्रसिद्ध आहेत. खाडीच्या काठच्या माणसाला धरणाच्या गोड्या पाण्यातली मासळी पटत नाही, तरी हरेशने चिलापी मागवली. एक घास खाल्ला आणि म्हणाला, "चिखल खाल्ल्यासारखं लागतंय." मग सगळी संपवली. भाविका काटे बाजूला काढत होती.

"तू थांबतेस," हरेश म्हणाला.

"कुठे?"

"चेंडू वर गेला की. एक पाय मागे टाकतेस नि थांबतेस. मग जातेस."

"बघावं लागतं कुठे पडतोय ते. सगळ्याच बघतात."

"ती हैदराबादवाली थांबत नव्हती. ती पळता पळता बघत होती." हरेशने पाण्याचा ग्लास सरकवला. "तू बघायला नाय थांबत. तू ऐकायला थांबतेस."

रीमाताईंनी सतरा वर्षं तिच्या पायांवर मेहनत घेतली होती. दोरीच्या उड्या, शंकूंमधून धावणं, वाळूतल्या पळापळी. पाय आळशी आहेत हे निदान सगळ्यांनी मान्य केलेलं होतं, तिनेही. मोनास्तिरच्या उन्हात तिसऱ्या सेटला तेच पाय इतरांपेक्षा जलद चालतात, याचा आणि त्याचा मेळ कोणी घातला नव्हता. हरेशला तो घालावा लागला नाही. तो स्वतः त्या गाळ्यात पाच वर्षं तेच ऐकत उभा राहिला होता.

"नियम तुझा होता," शेवटी ती म्हणाली.

"मी अकरा वर्षांचा होतो. मला जिंकायचं होतं, बस."

"मग जिंकलास की. वीस वर्षांनी."

हरेशने बिल मागवलं.

सोमवारी दुपारी नवी यादी आली. तिच्यात नाव नव्हतं. घरात त्या दिवशी कोणी विषय काढला नाही. मंगळवारी नाही, बुधवारीही नाही. हरेशला कंपनीचे फोन येत होते, तो ते बाहेर जाऊन घेत होता. शुक्रवारी भाविकाने धोंडूबाईला फोन करून बोलावलं. आत्या आली, तेव्हा केसरीनाथ खुर्चीत गुडघा लांब करून बसले होते. भाविकाने शटरची चावी हरेशच्या समोर ठेवली.

धोंडूबाई म्हणाली, "शब्द तुझ्या बापानं दिलेला. चावी तू कनाला देतंस?"

"चावी माझ्याकडे असते म्हणून."

"बरा." धोंडूबाईने हरेशकडे पाहिलं. "उचल मंग. बघतंस काय?"

केसरीनाथ बोलणार नाही असं म्हणाले होते, ते बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी फक्त एवढंच सांगितलं की जाळ्याचे खांब उपटताना फरशी फोडू नका, खांब चांगले आहेत.

जानेवारीत करार झाला. मसुदा वाचताना कंपनीच्या बाजूचा दलाल एका ओळीवर अडला. गाळ्यांपुढच्या मोकळ्या आवारात सकाळी सहा ते साडेआठ कुठलीही गाडी उभी राहणार नाही, असं तिथे लिहिलं होतं.

"ये क्या लिखवाया है, हरेशसेठ?"

"वैसे भी सुबह बड़ी गाड़ी को बंदी रहती है. तुम्हारा क्या जाता है?"

"जाता कुछ नहीं. पर क्यों?"

"बहन खेलती है."

"क्या?"

"टेनिस."

"अच्छा, क्रिकेट," दलाल म्हणाला आणि सही केली.

आवार दीडशे फूट लांब आहे, सत्तर फूट रुंद. ट्रक वळवण्यासाठी केलेलं काँक्रीट. रेषेमागे दोन्हीकडे छत्तीस फूट मिळतात. ते बावीस वर्षं तिथेच होतं, गाळ्याच्या शटरबाहेर. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून त्याला रस्त्याकडे उतार आहे, त्यामुळे एका बाजूने चेंडू जरा जलद येतो. काँक्रीटच्या सांध्यांवर पडला तर कुठेही जातो. केसरीनाथांनी जुन्या ट्रकच्या दोन चाकांच्या रिंगा घेतल्या, त्यांत काँक्रीट ओतून ते दोन खांब उभे केले. साडेआठला पंढरी खांब ढकलत भिंतीला नेऊन लावतो. पंढरी म्हणजे शेलार गावचा, गाळ्यांचा रखवालदार. चेंडू गोळा करायचं कामही त्याच्याकडे आपोआप आलं आहे.

सात नंबरच्या दोन्ही बाजूंच्या भिंती फेब्रुवारीत पडल्या. मालाच्या मांडण्या उभ्या करताना कामगारांनी बोल्टसाठी फरशीला भोकं पाडली. त्यातली काही शेवटच्या रेषेवर आली. केसरीनाथ काठी टेकत ते काम पाहायला दोनदा गेले. दुसऱ्यांदा त्यांनी कामगारांना सांगितलं की ड्रिल सावकाश चालवा, थर दोनदा दिलेला आहे.

भाविकाने खेळणं सोडलेलं नाही. का, असं विचारलं तर ती म्हणते की जे येत नाही ते का येत नाही हे आत्ता कुठे कळलंय. रीमाताईंना तिने भिगवणचं बोलणं सांगितलं तेव्हा त्यांनी ते दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यापासून दोरीच्या उड्या बंद." स्मॅशसाठी आता त्या तिला कानांत गाण्याचे इअरफोन घालायला लावतात. आवाजाची वाट पाहणाऱ्याला आवाजच ऐकू येऊ द्यायचा नाही, असा तो उपाय. तो किती लागू पडतोय हे अजून सांगता येत नाही.

काल्हेरला सकाळी लॉब टाकायचं काम हरेशकडे आहे. तो तेहतीस वर्षांचा आहे आणि पोट सुटलं आहे. टोपलीतले चेंडू एकेक उचलून तो वर टाकतो. सत्तर झाले की खुर्चीत बसतो. मार्चमधल्या एका सकाळी तिने कानांतले इअरफोन काढून ठेवले होते. हरेशने चेंडू वर टाकला. तिचा पाय मागे गेला आणि थांबला.

"पत्रा न्हाय," हरेश ओरडला.

"दिसतंय मला."

"दिसतंय तर जा ना."

पुढचा टाकला. ती थांबली. त्याच्या पुढच्याला थांबली नाही. तीन पावलं मागे, उडी, आणि चेंडू तिने जाळ्याच्या पलीकडे इतक्या जोरात आपटला की काँक्रीटवरून उसळून तो हरेशच्या डोक्यावरून गेला, गाळ्याच्या भिंतीच्याही वर गेला आणि सात नंबरच्या छपरावर पडला. बाहेरून पडलेल्या चेंडूचा आवाज आतून लागतो त्यापेक्षा बारीक येतो. आत माल भरलेला असल्यामुळे तो घुमलाही नाही.

दोघंही ऐकत उभी राहिली. चेंडू पन्हळीत घरंगळून थांबला.

"पत्रा," भाविका म्हणाली. "पॉइंट कोणाचा?"

हरेशने टोपलीतला पुढचा चेंडू उचलला. "आतून लागला तर जातो. बाहेरून लागला तर काय, ते ठरलेलं नाय."

"मग ठरव."

"तुझा," तो म्हणाला आणि चेंडू वर टाकला.

पन्हळीत आता असे अकरा चेंडू आहेत. पंढरी पावसाळ्याआधी शिडी लावून ते काढणार आहे. एप्रिलमध्ये भाविकाने दोन स्पर्धांसाठी नाव दिलं. पहिलीची क्वालिफायिंगची यादी लागली, तेव्हा ती सव्विसावी होती. वरच्या पंचविसांपुढे त्यांचे जागतिक क्रमांक आहेत. तिच्या नावापुढच्या रकान्यात एक आडवी रेघ आहे.